नेड गादीवर बसेल का, हे आधी स्टॅनिसला विचार

ताई, नमस्कार.

मी ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या वेस्टेरॉसच्या जगावर मराठीत एक लांबलचक ‘असं झालं असतं तर’ लिहितोय. राजा एरिसविरुद्धच्या बंडात ट्रायडंट नदीच्या काठी बंडाचा पुढारी रॉबर्ट बराथियन युवराज ऱ्हेगारला मारतो, इथवर सगळं मूळचंच. पण माझ्या कथेत रॉबर्टची जखम चिघळते आणि तिसऱ्या दिवशी तो छावणीतच जातो. मग बंडवाले सरदार रॉबर्टच्या जिवलग मित्रापुढे, उत्तरेच्या नेड स्टार्कपुढे, मुकुट ठेवतात आणि नेड तो घेतो. सात प्रकरणं झाली आहेत, पुढचं सगळं या एका प्रसंगावर उभं आहे. पण माझी थोरली बहीण, म्हणजे माझी पहिली वाचक, म्हणते, ‘हा नेड नव्हेच. नेड मरेल, पण बंडाचा मुकुट घेणार नाही.’ मी तो प्रसंग तीनदा लिहिला. एकदा नेड मोठं भाषण करतो, एकदा रडतो, एकदा त्याला लहानाचा मोठा करणारा जॉन ॲरिन त्याला शपथ घालतो. तिन्ही वेळा मलाच पटलं नाही. नेडसारखा माणूस मुकुट घेईल का? घेणारच नसेल तर सात प्रकरणं फेकून देऊ का?

– अडलेला, निफाड

प्रिय अडलेल्या,

फेकू नकोस. रद्दीवालासुद्धा वह्यांना आजकाल भाव देत नाही.

तुझी बहीण चांगली वाचक आहे आणि तिच्या हातातला पुरावा भक्कम आहे. ती कशावर बोट ठेवतेय ते मला दिसतंय. राजधानी किंग्ज लँडिंग पडली त्या दिवशी नेड घोड्यावर बसूनच थेट दरबारात शिरला. समोर लोखंडी सिंहासनावर जेमी लॅनिस्टर बसलेला, खाली त्यानेच मारलेला राजा एरिस. नेडने त्याला उठवलं. आता सिंहासन रिकामं, पाठीशी जिंकून आलेलं सैन्य, रॉबर्ट जखमी होऊन मागे राहिलेला. चार पायऱ्या चढल्या की काम झालं. नेड चढला नाही. पुढे कितीतरी वर्षांनी रॉबर्टची राणी सर्सी त्याला हेच ऐकवते, की तेव्हा बसायला हवं होतंस, चुकलास. त्यावर नेडचं उत्तर असं की चुका मी पुष्कळ केल्या, पण ती चूक नव्हती. आणि रॉबर्ट स्वतः जेव्हा म्हणतो की राजा तू व्हायला हवा होतास, नाहीतर जॉन ॲरिन, तेव्हाही नेड एवढंच म्हणतो की हक्क तुमचा जास्त होता.

बहिणीचा दावा यावरच उभा आहे. पण यातून सिद्ध काय होतं ते नीट बघ. रॉबर्ट जिवंत असताना नेड बसला नाही, एवढंच. नेडने ‘मला मुकुट नको’ असं म्हटलेलं नाही, ‘तुमचा हक्क जास्त’ असं म्हटलंय. पहिलं बोलणं साधूचं, दुसरं तलाठ्याचं. नेडमध्ये तलाठी बराच आहे. सातबारा कुणाच्या नावावर आहे हे तो आधी बघतो आणि मग बोलतो.

तुझ्या कथेत रॉबर्ट गेला, म्हणजे सातबारा बदलला. मग पुढचं नाव कुणाचं?

तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात रॉबर्टच्या पाठच्या भावाचं, स्टॅनिसचं, नाव एकदाही नाही. तिन्ही वेळा प्रसंग का फसला, ते मला इथेच कळलं. भाषण, रडणं, शपथ ही सगळी मलमपट्टी आहे. जखम वेगळ्याच जागी आहे.

रॉबर्टला गादी मिळाली ती हातोड्याच्या जोरावर, पण कागदोपत्री आधार होता त्याच्या आजीचा. ऱ्हेल ही पाचव्या एगॉन राजाची मुलगी. तेच रक्त स्टॅनिसमध्ये आहे, धाकट्या रेन्लीतही आहे. नेडमध्ये त्याचा थेंब नाही. त्यामुळे रॉबर्टचे डोळे मिटल्यावर छावणीत कुणीही मुकुटाचा विषय काढला, तरी नेडच्या तोंडून पहिला शब्द ‘स्टॅनिस’ हाच येईल. मूळ गोष्टीत सुमारे पंधरा वर्षांनी रॉबर्ट मरणाच्या दारात असतो तेव्हाही हेच होतं. सर्सीची मुलं रॉबर्टची नाहीत हे नेडला कळलेलं असतं. रेन्ली रातोरात शंभर तलवारी देऊ करतो, दरबारातला लिटलफिंगर दुसरा सौदा पुढे करतो, आणि नेड मात्र स्टॅनिसला पत्र लिहायला बसतो. तो स्टॅनिस, ज्याच्यावर जीव टाकणारं माणूस वेस्टेरॉसमध्ये एखाददुसरंच सापडेल! नेडला त्याच्याबद्दल जिव्हाळा आहे म्हणून नव्हे. रांगेत नंबर त्याचा आहे म्हणून.

तेव्हा ‘सचोटीचा माणूस बंडाचा मुकुट घेईल का’ हा प्रश्नच मला जरा ढिला वाटतो. रांगेत पुढे कोण उभं आहे आणि ‘नाही’ म्हटलं तर जीव कुणाचा जाणार, हे दोन प्रश्न विचार. नेड याच दोन प्रश्नांवर चालतो.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्याआधी थोडं आडरानात जाऊ या. तुझे बंडवाले सरदार मुकुट देतात तरी कशासाठी, हे तुझ्या पत्रात नाही. नेड आवडतो म्हणून? एवढ्यावर कुणी कुणाला राजा करत नाही. या जगाच्या लेखकाने इंग्लंडमधल्या गुलाबांच्या युद्धांवरून बरंच घेतलंय, हे त्याने स्वतःच सांगितलेलं आहे. तिथलीच एक गोष्ट बघ. १४६० च्या ऑक्टोबरात यॉर्कचा ड्यूक रिचर्ड लढाई जिंकलेल्या पक्षाचा पुढारी म्हणून वेस्टमिन्स्टरच्या सभेत शिरला, सिंहासनापाशी गेला आणि त्यावर हात ठेवला. जयजयकार होईल अशी त्याची अपेक्षा होती. सभा गप्प. कँटरबरीच्या आर्चबिशपने विचारलं, महाराजांना भेटायचंय का? त्याचेच लोक त्याला राजा करायला तयार नव्हते. पुढे तडजोड झाली, राजा हयात आहे तोवर तोच राजा आणि त्याच्यामागे रिचर्ड. ३० डिसेंबरला वेकफील्डच्या लढाईत रिचर्ड मारला गेला, आणि त्याचं मुंडकं कागदी मुकुट घालून यॉर्क शहराच्या वेशीवर लावलं.

आणि याच्या अगदी उलट क्रॉमवेल. राजाचं डोकं उडवणारा हा माणूस. १६५७ मध्ये पार्लमेंटने त्याला आपण होऊन मुकुट देऊ केला. का, तर राजपदाच्या सीमा कायद्याने माहीत होत्या. ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ या नव्या पदाला कुठवर लगाम घालायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शिवाय १४९५ चा एक जुना कायदा होता. गादीवर प्रत्यक्ष जो राजा बसलाय त्याची चाकरी करणाऱ्यावर पुढे राजद्रोहाचा आळ घेता येणार नाही, असा. म्हणजे मुकुट क्रॉमवेलच्या डोक्यावर, पण संरक्षण बाकीच्यांच्या मानेला! क्रॉमवेल महिनाभराहून अधिक घोळत राहिला आणि ८ मे रोजी नाही म्हणाला. जून महिन्यात मात्र जांभळा झगा घालून, राजदंड घेऊन, राज्याभिषेकाच्या खुर्चीवर बसून त्याचा सोहळा झालाच. मुकुट तेवढा नव्हता.

हे तुझ्या कामाचं आहे. राजाविना बंडखोर म्हणजे नुसते राजद्रोही. रॉबर्टची चिता थंड व्हायच्या आत होस्टर टली, जॉन ॲरिन आणि बाकीचे सरदार मानेवरून हात फिरवायला लागतील. (त्या लोकांत दहन टली घराण्याचं, तेही नदीत होडी सोडून. रॉबर्टला पुरलं पाहिजे. मी आपलं सवयीने लिहिलं, तू लिहू नकोस.) होस्टरचा हिशोब तर साधा आहे. एक जावई ॲरिन, म्हातारा आणि मूलबाळ नसलेला. त्याचे वारससुद्धा एरिसने आणि या युद्धाने संपवले. दुसरा जावई नेड, तरुण, केटलिनच्या पोटी वारस झालेला किंवा होऊ घातलेला. सासरा कुणाकडे बघेल? मुकुट आणून ठेवणाऱ्या हाताचाही काही स्वार्थ असतो, आणि तो नेडला दिसतो. तुझ्या तिन्ही मसुद्यांत सरदार देवमाणसं आहेत असा माझा संशय आहे.

आता दुसरा प्रश्न. नाही म्हटलं तर जीव कुणाचा जाईल?

नेड कायद्याला चिकटून असतो आणि त्यापायी मरतो, असं सगळे म्हणतात. पण तो वाकतो कुठे, ते मोज. मरणशय्येवर रॉबर्ट मृत्युपत्र सांगतो, ‘माझा मुलगा जॉफ्री’ म्हणतो, आणि नेड कागदावर ‘माझा वारस’ असं उतरवतो. मित्राच्या अखेरच्या शब्दांत खाडाखोड! बेलरच्या मंदिराच्या पायऱ्यांवर, हजारो लोकांसमोर, न केलेला राजद्रोह कबूल करतो, कारण लेक सान्सा सर्सीच्या ताब्यात आहे. आणि मालिकेचा आधार घेतलास, तर सगळ्यात मोठं खोटं म्हणजे जॉन स्नो. बहिणीचा मुलगा आपला अनौरस म्हणून वाढवला, बायकोचा राग जन्मभर सोसला. शिवाय रेन्लीच्या शंभर तलवारी त्याने का नाकारल्या? घाबरलेल्या मुलांना अंथरुणातून ओढायचं नाही म्हणून. राजाच्या प्रमुख मंत्र्याचं पद का सोडलं? समुद्रापलीकडे असलेल्या एरिसच्या गरोदर मुलीला, डॅनेरिसला, मारायला मारेकरी पाठवायचं ठरलं म्हणून, आणि तीही तेव्हा पोरसवदाच.

सगळीकडे मूल आहे. या माणसाच्या कुलपाची किल्ली तीच. जॉन ॲरिनने घातलेली शपथ त्या कुलपाला लागत नाही, म्हणून तुझा तिसरा मसुदाही उघडला नाही.

हे धरून, मी तुझ्या जागी असते तर प्रसंग कसा रचला असता ते सांगते. पटलं तर घे.

पहिली गोष्ट, मुकुट ट्रायडंटच्या काठी देऊच नकोस. तिथे नेडचा नकार येऊ दे. तिथे तो तलाठ्यासारखंच बोलेल, स्टॅनिसला निरोप पाठवा म्हणेल आणि घोड्यावर बसेल. पण मित्राच्या उशाशी त्याचे तीन दिवस गेलेत. मूळ गोष्टीतही तो राजधानीला पोचायच्या आत जेमीचा बाप टायविन लॅनिस्टर बारा हजार माणसं घेऊन शहरात शिरलेला असतो. तुझा नेड आणखी उशिरा पोचेल. लूटमार, आग, आणि मग टायविन लाल झग्यांत गुंडाळलेली ऱ्हेगारची दोन मुलं पुढ्यात आणून ठेवतो. मूळ गोष्टीत ते नजराणे रॉबर्टला मिळाले, रॉबर्टने ते गोड मानून घेतले, आणि नेड भांडून तडक निघून गेला. तुझ्या कथेत रॉबर्ट नाही. नजराणा नेडलाच आहे. भांडायचं कुणाशी? आणि निघून गेला, तर शहरात सैन्य घेऊन उरतो कोण? टायविन.

या क्षणी नेडच्या मनात तीन दिवसांचा हिशोब चालू असणार, एक दिवस आधी निघालो असतो तर, याचा. त्याला तो मोठ्याने बोलायला लावू नकोस.

दुसरी गोष्ट स्टॅनिसची. त्याला सोयीस्कर मारू नकोस. योगायोगाने आलेलं मरण वाचकाला लगेच वास देतं, आणि तुझ्या बहिणीसारख्या वाचकाला तर दोन पानं आधीच. स्टॅनिस या वेळी कुठे आहे? स्टॉर्म्स एंडच्या किल्ल्यात, जेमतेम विशीला टेकलेला, सोबत लहानगा रेन्ली. बाहेर जमिनीवर मेस टायरेलचं सैन्य, समुद्रात रेडवाइनचं आरमार. जवळपास वर्षभराचा वेढा. आत घोडे संपले, कुत्री-मांजरं संपली, उंदरांवर वेळ आली. टायरेल अजून जुन्या राजघराण्याच्या बाजूचा. अशा वेळी राजधानीत ‘राजा स्टॅनिस’ अशी द्वाही फिरली, तर वेढ्यातल्या त्या पोराची किंमत एका क्षणात आभाळाला भिडेल. बंडाचा राजा आयताच पिंजऱ्यात! मेस टायरेल काही पराक्रमी माणूस नाही, पण एवढा हिशोब त्यालाही कळतो.

आणि राजा दुसराच कुणी झाला, तर? मग किल्ल्यात दोन उपाशी भाऊ आहेत, एवढंच. त्यांना मारून टायरेलच्या पदरी काही पडत नाही. सोडून दिलं तर नव्या राजाची माफी पडते.

नेड मुकुट घेईल तर तो इथे. दोन मुलांवरचा नेम आपल्याकडे ओढून घ्यायला. हक्कदाराचा हक्क डावलून त्याचा जीव वाचवायचा, असा हा सौदा आहे. तलाठी आणि बाप यांचं त्याच्या आत भांडण लागलं की बाप जिंकतो, हे आपण वर मोजलंच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्टॅनिस ते कधीही माफ करणार नाही. ज्या माणसाने सख्ख्या भावाने किल्ला धाकट्याला दिला हे जन्मभर उगाळलं, तो आपली गादी ‘तुझ्या भल्यासाठी’ घेणाऱ्याला काय म्हणेल? तुझ्या पुढच्या दहा प्रकरणांचं धान्य इथे कोठारात आहे.

तुझ्या बहिणीला यावर नंदिग्रामचा भरत आठवेल, मलाही आठवला. पादुका गादीवर ठेवायच्या, आपण बाहेर वल्कलं नेसून चौदा वर्षं कारभार बघायचा. नेडही आधी हेच सुचवेल की मी कारभारी होतो, राजा स्टॅनिसच. पण कारभारी म्हटलं की राजा कोण हे सांगावं लागतं, आणि नाव घेतलं की वेढ्यातला नेम परत तिकडे. भरताला एक सोय होती, राम वनात सुखरूप होता आणि परत येणार होता. नेडच्या पादुका कुणाच्या ते उघड करता येत नाही.

आता रॉबचं काढून कुणीतरी वाद घालेल. नेडच्या पोराने घेतलाच ना मुकुट? घेतला, पण तो बंडाचा नव्हे, घरचा. उत्तरेत स्टार्क हजारो वर्षं राजे होते, टॉरेन स्टार्कने पहिल्या एगॉनपुढे गुडघा टेकला तेव्हा ते थांबलं. टलींच्या रिव्हररन किल्ल्यात उत्तरेचा सरदार ग्रेटजॉन उठून ‘उत्तरेचा राजा’ म्हणतो तेव्हा तो जुनाच मुकुट माळ्यावरून खाली काढत असतो. मला मात्र त्या प्रसंगाची दरवेळी चीड येते. थोड्याच वेळापूर्वी तोच रॉब म्हणालेला असतो की थोरला असताना धाकटा राजा होत नाही, रेन्लीच्या आधी स्टॅनिस. शब्द अगदी बापाचे. आणि मग चार तलवारी पायाशी पडल्या की पोरगं विसरतं! पुस्तकात तो पंधराचा आहे म्हणून सोडून द्यायचं. नेड त्या दालनात असता, तर ग्रेटजॉनला खाली बसवला असता.

जॉन स्नोचं काय करायचं ते आधी ठरव, कारण इथे पुस्तक आणि मालिका वेगळ्या वाटांवर आहेत. मालिकेने २०१६ मध्ये तो नेडच्या बहिणीचा, लियानाचा, मुलगा असल्याचं दाखवलं आणि २०१७ मध्ये तो औरस आहे, ऱ्हेगारने तिच्याशी रीतसर लग्न केलं होतं, असं सांगितलं. प्रसिद्ध झालेल्या पाच पुस्तकांत हे कुठेही उघड केलेलं नाही. तू मालिकेची वाट धरलीस, तर नेड मुकुट घेतो, मग दक्षिणेकडे बहिणीला शोधायला जातो, सहांतले पाच सोबती गमावतो, आणि मरणाऱ्या बहिणीच्या कुशीत त्याला सापडतो तो गादीचा खरा वारस. आता राजा नेड काय करेल? मूळ गोष्टीत पोराला लपवणं म्हणजे त्याला रॉबर्टपासून वाचवणं होतं. तुझ्या कथेत त्या पोराला त्याच्याच हक्कापासून लपवणारा माणूस स्वतः गादीवर बसलेला आहे. हे नुसतं लिहितानाच माझ्या पोटात गोळा आला.

थोड्या किरकोळ गोष्टी. भाषण पूर्ण काढ. नेड फार बोलत नाही. होकाराच्या जागी त्याला फक्त एक प्रश्न विचारू दे, किल्ल्यात दाणा किती दिवसांचा उरलाय? सरदारांना अर्थ कळेल, वाचकालाही. रडायचंच असेल तर ते केटलिनला रिव्हररनला पत्र लिहिताना, आणि तेही कागदावर पडू न देता. ती मुळात थोरल्या भावासाठी, ब्रँडनसाठी, ठरलेली, विंटरफेल ब्रँडनचं, आता मेलेल्या दुसऱ्या भावासारख्या मित्राची गादी. या माणसाला आयुष्यात जे मिळालं ते कुणाच्या तरी मरणाने मिळालं, आणि हे त्याला रोज टोचतं. अभिषेकाचाही घोळ घाल. वेस्टेरॉसचा राजा हाय सेप्टनच्या, म्हणजे सर्वोच्च पुजाऱ्याच्या, हातून, सात देवांच्या साक्षीने होतो. नेड जुन्या देवांचा, तो झाडापुढे गुडघा टेकणारा, आणि राजवाड्याच्या बागेत देवाचं झाड म्हणून आहे तो एक ओक. त्याला चेहरासुद्धा नाही.

आणि बहिणीला हे पत्र दाखवायच्या आधी नवा मसुदा दाखव. तिला कारणं सांगत बसू नकोस.

शेवटचं राहिलंच. वेढ्याच्या रात्री दावोस नावाचा चोरटा व्यापारी काळोखात रेडवाइनच्या जहाजांमधून होडी घुसवतो आणि किल्ल्यात कांदे आणि खारवलेले मासे पोचवतो. त्यावर स्टॅनिस तगतो, त्याला सरदारकी देतो आणि जुन्या चोरीबद्दल त्याच्या चार बोटांची पेरंही छाटतो. तुझ्या कथेत नेडला मुकुट घ्यायला भाग पाडायचं म्हणून ती होडी बुडवायचा मोह होईल. बुडवू नकोस. नेड मुकुट घेऊन निघू दे, आणि तो वाटेत असतानाच कांदे पोचू देत. तू निफाडचा, कांद्याचा भाव एका रात्रीत काय काय उलटंपालटं करतो ते मी तुला काय सांगू?

– ताई